हाऊसिंगचा प्रश्न

आमच्या पिढीच्या माणसासमोर कुणी 'हाऊसिंग' हा शब्द उच्चारला, की त्याच्या डोळ्यांपुढे एकच गोष्ट उभी राहते. सोसायटी! भागभांडवल, सातबाराचा उतारा, चेअरमन-सेक्रेटरीचं भांडण आणि वीस वर्षांचे हप्ते. त्यामुळे एप्रिल महिन्यात आमच्या लेकीनं अमेरिकेहून फोनवर सांगितलं, की "बाबा, या मे महिन्यात तुम्ही दोघं याच. तुमच्या जावयाला हाऊसिंग बदलायचंय, तेवढीच तुमची मदत होईल," तेव्हा आमच्या घरात शांतता पसरली.

"अगं बाई! दोन वर्षांमागं तर वास्तुशांत केली," ही म्हणाली. "इतक्या चांगल्या घराला काय झालं?"

"हप्ते थकले असतील," मी म्हणालो. निवृत्त मास्तराची बुद्धी दुसरीकडे कुठे जाणार?

मग खुलासा झाला. बदलायचं होतं ते घराचं नव्हे, होडीचं हाऊसिंग! जावईबापूंनी गेल्या उन्हाळ्यात एक जुनी मोटरबोट विकत घेतली होती, आणि तिच्या पाठीमागे पाण्यात जो यंत्राचा पाय लोंबतो, त्याची खालची पेटी चिरली होती. "बाबा सायन्सचे सर होते, त्यांना कळेल," असं आमच्या कन्येनं परस्पर ठरवून टाकलं होतं.

आता इथे मला एक कबुली दिली पाहिजे. मी अर्धापूरचा. नांदेडपासून वीसेक किलोमीटर. आमच्याकडे केळी उदंड. अर्धापूरचं केळं ट्रकात बसून पार उत्तरेत जातं. पण होडी? होडी म्हणजे पावसाळ्यात शाळेच्या पटांगणात पाणी साचलं, की वहीच्या मधल्या पानाची करायची ती. तिला हाऊसिंग नसतं. आणि दुसरी, जास्त गंभीर गोष्ट अशी, की मी सायन्सचा सर होतो हे खरं, पण हातात पाना धरून पन्नास वर्षं झाली होती. का, ते पुढे सांगतो. आत्ताच सांगितलं तर तुम्ही माझ्याबरोबर अमेरिकेला यायचे नाही.

लेकीचं घर मिनेसोटा राज्यात आहे. तिथल्या मोटारींच्या नंबरप्लेटवर 'दहा हजार तळी' असं इंग्रजीत छापलेलं असतं. मला वाटलं, नेहमीची अमेरिकन फुशारकी! पण जावईबापू म्हणाले, "नाही बाबा, उलट कमीच सांगतात. दहा एकरांवरची तळी मोजली, तर अकरा हजार आठशे बेचाळीस भरतात." मी मनातल्या मनात त्यांतली चाळीस-पन्नास मराठवाड्याला वाटून दिली. कुणाला कळलंही नसतं.

दुकानात गेलो, तर केळ्यांवर ग्वाटेमालाची चिठ्ठी. मी एक केळं सोलून खाल्लं आणि काही बोललो नाही. पाहुण्यानं सगळंच बोलून दाखवू नये.

दुसऱ्या दिवशी सकाळी जावईबापूंनी मला घराशेजारी उभ्या असलेल्या बोटीकडे नेलं. ती ट्रेलरवर चढवलेली होती. बोट वगैरे ठीक होती, पण खरी मौज होती तिच्या मागच्या अंगाला. पूर्वी मोटरबोटीचे दोन प्रकार. एकात इंजिन बोटीच्या पोटात आणि तळातून एक लांब दांडा पाण्यात गेलेला. दुसऱ्यात सगळं इंजिनच बोटीच्या मागे, दप्तर अडकवल्यासारखं टांगलेलं. जिम विन नावाच्या अमेरिकन इंजिनियरनं या दोहोंचा संसार जमवण्याची खटपट केली, आणि 1959 साली व्होल्वो पेंटा या स्वीडिश कंपनीनं तसं यंत्र बाजारात आणलं. इंजिन घरात, पाय दारात! इंजिनाची शक्ती आडवी बाहेर येते, काटकोनात वळून खाली उतरते, पुन्हा काटकोनात वळते आणि पंखा फिरवते. दोन्ही वळणांवर दातेरी चक्रं, आणि त्या चक्रांना तेलात बुडवून ठेवणारी जी ॲल्युमिनियमची पेटी, तिचं नाव हाऊसिंग. म्हणजे शब्द तसा चुकीचा नव्हता. चक्रांचं ते घरच!

"ही बघा चीर," जावईबापू म्हणाले. आणि मग, मी काही विचारण्याच्या आतच, "घेतानाच होती, बाबा."

मी खाली वाकलो. चष्मा पुसला. बोटभर लांबीची चीर होती. ती बाहेरच्या अंगाला किंचित उमलली होती, म्हणजे ठोकर बाहेरून बसलेली नव्हती, आतून काहीतरी फुगलं होतं. आणि चिरेच्या कडा? लखलखीत. बाकीच्या पेटीला वापराचा काळपटपणा, आणि कडा मात्र नव्या नाण्यासारख्या.

मी तीस वर्षं विद्यार्थ्यांना एक धडा शिकवत आलो. 'पाण्याचे असंगत आचरण.' बहुतेक पदार्थ थंड केले की आकसतात. पाणीही आकसतं, पण फक्त चार अंश सेल्सिअसपर्यंत. त्याखाली गेलं की ते चक्क प्रसरण पावायला लागतं, आणि गोठताना तर साधारण नऊ टक्क्यांनी फुगतं. म्हणून बर्फ तरंगतो, तळ्याच्या तळाशी चार अंशांचं पाणी राहतं, आणि मासे जगतात. एडिंबरोच्या होप नावाच्या प्राध्यापकानं एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला हे प्रयोगानं दाखवलं. त्याच्या उपकरणाची आकृती मी फळ्यावर इतक्या वेळा काढली, की झोपेत काढीन. "थंड प्रदेशात हिवाळ्यात नळ फुटतात," हे वाक्य मी ज्या वर्गात सांगत असे, तिथे मार्चपासूनच पोरं वहीनं वारा घेत असत. पारा बेचाळीसवर! बर्फ आम्हाला फक्त गोळेवाल्याकडे भेटायचा. एकदा एक पोरगं म्हणालंही होतं, "सर, आपल्याकडं नळ फुटायला आधी नळाला पाणी तर यायला पाहिजे."

तर तोच धडा माझ्यापुढे सचित्र उभा होता. पंख्याच्या दांड्याला मासे पकडायचा नायलॉनचा दोरा गुंडाळला गेला होता. हा दोरा तिथलं ऑइल सील कापतो. सील कापलं, की पाणी पेटीत शिरतं. पाणी तेलापेक्षा जड, ते तळाशी जाऊन बसतं. हिवाळ्याच्या आधी तेल काढून बघितलं, तर ते दुधाळ दिसतं आणि माणूस सावध होतो. नाही बघितलं, तर मिनेसोटाचा जानेवारी येतो. उणे पंचवीस अंश! तळ्यावरचा बर्फ इतका जाड होतो, की लोक त्यावर मोटारी नेतात. पेटीतल्या वाटीभर पाण्यानं आपलं असंगत आचरण दाखवलं, आणि पेटी फुटली. हे सगळं गेल्या हिवाळ्यातलं होतं. घेतानाचं नव्हे.

"घेतानाच होती," जावईबापू पुन्हा म्हणाले. "मी हिलाही तेच सांगितलंय."

मी "असेल, असेल" म्हटलं. कारण त्या वाक्याची आणि माझी जुनी ओळख होती.

आता ती पन्नास वर्षांची गोष्ट सांगतो. 1972च्या दुष्काळानंतरचा उन्हाळा. मी नववीत. गावोगावी खडी फोडायची कामं निघाली होती. घरात लाल मिलोच्या भाकरी, आणि कामावर सुकडी. आमच्या मळ्यात विहिरीच्या जिवावर तग धरलेली थोडी केळी होती. आण्णांनी, म्हणजे आमच्या वडिलांनी, सोसायटीचं कर्ज काढून पाच हॉर्सपॉवरचं डिझेल इंजिन आणि पंप बसवला होता. विहिरीत पाणी दोन हात उरलेलं. पंप पाणी ओढेना. आण्णा तालुक्याला गेले होते. मी पुस्तकात पंपाची आकृती पाहिली होती, तेव्हा पंप मला येतच होता!

मी एकेक नट खोलला. सगळे नट काढले, तरी पंपाची बॉडी काही सुटेना. मी हातोडा घेतला. पहिल्या घावाला हलली नाही. दुसऱ्या घावाला हलली, पण हललेला तुकडा माझ्या पायापाशी येऊन पडला. बीडाच्या लोखंडाची बॉडी, तिचा कान तुटला आणि पोटापर्यंत चीर गेली. मग चिखल खरवडल्यावर दिसलं, की खालच्या अंगाला ग्रीस आणि गाळाच्या थराखाली एक नट तसाच होता.

आण्णा संध्याकाळी आले. "काय झालं रे?"

"आधीच चिरलेली होती," मी म्हणालो.

आण्णांनी तो तुकडा उचलला, उन्हाकडे धरला, फिरवून बघितला आणि खाली ठेवला. दुसऱ्या दिवशी नांदेडहून मिस्त्री आला. त्यानं चिरेवरून अंगठा फिरवला, एकदा माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "लोहा है मालक, कभी कभी दगा देता."

नवी बॉडी मिळायला नऊ दिवस लागले. आण्णांनी गोठ्याच्या माळ्यावरून जुनी मोट खाली काढली. नाडा कुजला होता, सोंदूर नवी घातली. दुष्काळात हाडं निघालेले बैल, त्यांना धावेवर मागं-पुढं करत आण्णांनी नऊ दिवस मोट हाकली. अर्धी केळी वाचली. अर्धी गेली. एका बैलानं त्या पावसाळ्यात अंग टाकलं. मला कुणी एक शब्द बोललं नाही, आणि मी त्यानंतर पान्याला हात लावला नाही. लेखी विज्ञानात मात्र मला नेहमी चांगले मार्क पडत.

असो. तर जावईबापूंनी जुन्या बोटींच्या भंगारवाल्याकडून एक धड हाऊसिंग पैदा केलं होतं. अमेरिकेतही भंगार बाजार असतो हे पाहून मला त्या देशाबद्दल पहिल्यांदा आपुलकी वाटली. शनिवारी सकाळी आम्ही दोघे कामाला बसलो. जावईबापूंच्या हाताशी दोनशे पानांचं पुस्तक आणि पान्यांची अशी पेटी, की आमच्या नांदेडच्या मिस्त्रीनं ती बघून नमाज पढला असता. मी उलट्या बादलीवर बसून 'मार्गदर्शन' करत होतो. मास्तराला दुसरं काय येतं?

आधी बॅटरीची तार काढली. मग वरचं आणि खालचं बूच काढून तेल सोडलं. त्यातून जे आलं, त्याला आमच्या हिनं खिडकीतून पाहून "चहा सांडला का?" असं विचारलं. मग पंखा काढला. दोन्ही बाजूंचे नट काढले. एक, दोन, तीन, चार... जावईबापूंनी ते एका थाळीत ओळीनं मांडले. आता पेटी खाली उतरायला पाहिजे होती. पुढून ती अर्धा इंच उतरलीही. मागून मात्र हलेना.

जावईबापूंनी लाकडाचा ठोकळा लावून बघितला. पहार घालून बघितली. ऊन चढलं होतं, ऊन म्हणजे तिथलं, बावीस अंश! तरी त्यांना घाम फुटला. मग ते उठले, पेटीपाशी गेले आणि हातोडा घेऊन आले. चांगला दोन किलोचा.

"थांबा!"

मी इतक्या जोरानं ओरडलो, की शेजारचा गोरा आपली गवत कापायची यंत्रगाडी बंद करून बघायला लागला. तीस वर्षांत एवढ्या जोरानं मी शेवटच्या बाकावरच्या पोरांवरही ओरडलो नव्हतो.

"एक राहिलाय," मी म्हणालो.

"नाही बाबा, मी मोजलेत."

"पुढून सुटतंय, मागून सुटत नाही. म्हणजे मागं कुणीतरी धरून ठेवलंय. द्या इकडं."

आणि पन्नास वर्षांनी मी बादलीवरून उठून गुडघ्यांवर बसलो. पंख्याच्या वर एक छोटं, पंखासारखं पातं असतं. ते बोट सरळ चालावी म्हणून थोडं तिरपं बसवलेलं असतं. बोटानं चाचपत गेलो, तर वर मागच्या बाजूला प्लॅस्टिकचं एक बूच लागलं. ते काढलं, आत बोल्ट. पातं कोणत्या कोनात आहे, त्याची खूण खिळ्यानं ओढून घेतली, नाहीतर पुढे बोट सारखी एका अंगाला ओढते. बोल्ट सोडला, पातं हातात आलं. आणि त्या पात्याच्या पोकळीत, आत, गाळाच्या थराखाली, एक बोल्ट माझी वाट पाहत बसला होता. खरं सांगतो, मला तो ओळखीचा वाटला.

तो सोडला मात्र, पेटी मऊपणे आमच्या हातांत उतरली. हातोड्याचं कामच पडलं नाही.

जुनी पेटी आम्ही फरशीवर ठेवली. मी चिरेवरून अंगठा फिरवला. कडा लख्ख चमकत होत्या. आणि त्या चमकेकडे पाहता पाहता माझ्या डोक्यात एकदम उजेड पडला. ताजी चीर चमकते, जुनी काळी पडते. बीडाच्या लोखंडाला तर जुन्या चिरेत गंज चढतो. हे मला आज कळत होतं. आण्णांनी तर उभा जन्म नांगराच्या फाळांत आणि लोखंडात काढला होता! त्यांनी तो तुकडा उन्हाकडे धरून फिरवला होता, तो कशासाठी?

"बाबा, काय झालं?" जावईबापूंनी विचारलं.

मग नव्या पेटीवर पंपाचा नवा रबरी पंखा बसवता बसवता मी त्यांना ती सगळी गोष्ट सांगितली. मोट म्हणजे काय ते सांगायला बराच वेळ गेला. गोष्ट संपेपर्यंत आम्ही पेटी वर चढवली होती. उभ्या दांड्याचे दाते वरच्या खाचांत बसेनात, तेव्हा मी पंखा बसतो तो दांडा हळूहळू फिरवत राहिलो, आणि एका क्षणी 'टक्' करून सगळं जागेवर गेलं. जोर लावला असता, तर दाते तुटले असते.

नट आवळताना जावईबापू खाली मान घालून म्हणाले, "बाबा, घेताना चीर नव्हती. ऑक्टोबरात तेल बदलायचं होतं. मी आज करू, उद्या करू करत राहिलो."

"माहीत आहे," मी म्हणालो.

"कसं?"

"पाण्याचं असंगत आचरण. दहावी, विज्ञान."

तेल भरताना त्यांनी वरून भरायला घेतलं, तर मी पुन्हा अडवलं. हे तेल खालच्या भोकातून वर चढवायचं असतं, म्हणजे आतली हवा वरच्या भोकातून निघून जाते. आमच्याकडे विहिरीच्या पंपात चालू करण्याआधी पाणी भरतात, तेही हवा हाकलायलाच. त्याच्या तळाच्या फूट व्हॉल्व्हला आमच्याकडे सगळे 'फुटबॉल' म्हणतात, आणि लहानपणी मला बरीच वर्षं वाटायचं, की विहिरीत कुणाचा तरी चेंडू पडलाय. वरच्या भोकातून तेल आलं, की आधी वरचं बूच लावायचं, मगच खालची नळी काढून खालचं बूच. वरची हवा बंद असली, की खालचं तेल सांडत नाही. हेही आठवीच्या पुस्तकात होतं. आयुष्यभर शिकवलेलं सगळं खरं निघतंय हे बघून मला जरा धक्काच बसला.

रात्री जेवताना जावईबापूंनी धीर केला. घास ताटात ठेवला आणि म्हणाले, "एक सांगायचंय. ती चीर घेतानाची नव्हती."

आमची कन्या आमटी वाढत होती. ती थांबलीसुद्धा नाही. "माहीत आहे. नोव्हेंबरपासून माहीत आहे. तेलाची बाटली गॅरेजच्या फळीवर सीलबंद तशीच होती."

"मग बोलली का नाहीस?"

"म्हटलं, कधीतरी तूच सांगशील."

मी हळूच हिच्याकडे वळलो. पन्नास वर्षांचं ओझं, म्हटलं, आजच उतरवून टाकावं. "अगं, आमच्या विहिरीवरच्या पंपाचं एक तुला कधी सांगितलं नाही..."

"पंप तुम्ही फोडलात ते ना?" ही म्हणाली. "सासूबाईंनी मला लग्नाच्या पहिल्याच वर्षी सांगितलं. मामंजींनी त्याच रात्री ओळखलं होतं. म्हणाले होते, पोरगं भ्यालंय, आता त्याला आणखी काय भिववायचं."

माझा घास हातातच राहिला. "आणि तू मला हे चाळीस वर्षं सांगितलं नाहीस?"

"तुम्ही कुठं विचारलंत?"

रविवारी बोट तळ्यात उतरवली. सुरळीत चालली. ही काठावरच थांबली, कारण पाण्यात बसणाऱ्या कोणत्याही घरावर तिचा विश्वास नाही.

आम्ही परत आलो. ऑक्टोबरात एका संध्याकाळी जावईबापूंचा फोटो आला. काचेच्या बरणीत काढलेलं तेल, मधासारखं स्वच्छ, पाण्याचा थेंब नाही. खाली एकच ओळ होती : "बाबा, बदललं."

मी तो फोटो हिला दाखवला. मग उठलो आणि भिंतीवरच्या आण्णांच्या फोटोपुढे जाऊन उभा राहिलो. काच धुळीनं मळली होती, ती पुसली. सांगायचं म्हटलं, तर त्यांना सगळं आधीपासूनच माहीत होतं. तरी सांगितलं.